घरात म्हातारं कुत्रं आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधीच सांगते, मी व्हेट म्हणजे जनावरांची डॉक्टर नाही. आमची चिंगी, लॅब (लॅब्रॅडॉर) मिक्स, साडेचौदा वर्षं आमच्याकडे होती आणि त्यातली शेवटची अडीच-तीन वर्षं मी जे शिकले ते सगळं चुका करत करत शिकले. तेव्हापासून ओळखीत कोणाचं कुत्रं म्हातारं झालं की मला फोन येतो, प्रश्न तेच असतात, म्हणून एकदाच बसून लिहून काढतेय. औषधांचे डोस इथे शोधू नका, ते तुमच्या डॉक्टरांचं काम.

कुत्रं म्हातारं झालं असं कधीपासून धरायचं?

आकारावर आहे ते. ग्रेट डेनसारखी अवाढव्य जात पाचव्या-सहाव्या वर्षीच उताराला लागते, लॅब, जर्मन शेफर्ड वगैरे सात-आठला, आणि मांडीवर मावणारी छोटी कुत्री दहा-अकरापर्यंत टणाटण असतात. एक वर्ष म्हणजे माणसाची सात वर्षं हा हिशोब सोडून द्या, तो धड कुठेच बसत नाही. २०२० मध्ये लॅब्रॅडॉरच्या डीएनएवर वयानुसार होणारे बदल माणसांशी ताडून बघणारा अभ्यास आला होता, त्या सूत्राने दोन वर्षांचं लॅब चाळिशी ओलांडतं आणि मग वेग मंदावत बाराव्या वर्षी सत्तरीला पोचतं. म्हणजे सुरुवातीला धावत म्हातारं होतं आणि नंतर चालत.

डॉक्टरकडे किती वेळा न्यायचं?

आजारी नसलं तरी सहा महिन्यांनी एकदा. वजन, ब्लड टेस्ट, युरिन, जमलं तर ब्लड प्रेशर, आणि दात. दातांकडे कोणी बघतच नाही, तोंडाला वास येतो म्हणजे म्हातारपण असं समजतात, पण आतून दाढ किडून पू झालेला असतो आणि बिचारं एका बाजूने चावत असतं. जुने रिपोर्ट फाईल करून ठेवा. एकटा आकडा फार काही सांगत नाही, मागच्या वेळपेक्षा कुठे सरकलाय ते सांगतो.

डॉक्टर म्हणाले वय झालंय, असं होणारच. मग काय करायचं?

मलाही हेच सांगितलं होतं. चिंगी बारा वर्षांची असताना जिन्याच्या पहिल्या पायरीशी येऊन थांबायला लागली. पुढचे दोन पाय पायरीवर ठेवायची, मागे वळून माझ्याकडे बघायची, मग एक दीर्घ श्वास घेऊन ढकलल्यासारखी वर यायची. मी विचारलं तर उत्तर मिळालं की मोठं कुत्रं आहे, बारा म्हणजे खूप झालं, आणि मीही मुकाट्याने घरी आले. चार महिने वाया गेले त्यात. मग दुसरीकडे नेलं, त्या डॉक्टरबाईंनी तिला चालवून बघितलं, खुब्यात हात घालून पाय मागे ओढला तशी तिने मान गर्रकन वळवली, एक्सरे काढला, दोन्ही खुबे आर्थ्रायटिसने खाल्लेले. औषध सुरू झालं आणि आठवडाभरात चिंगीबाई तोंडात माझी चप्पल घेऊन दारात हजर, जे तिने वर्षभर केलं नव्हतं. वय होतं ते होतंच, पण दुखणं वेगळं असतं आणि त्याला औषध असतं. तुम्हाला कोणी नुसतं वय म्हणालं तर विचारा की नक्की कुठला अवयव, आणि दुखतंय का. उत्तर मिळालं नाही तर दुसऱ्याकडे दाखवा, त्यात कोणाचा अपमान वगैरे काही नाही.

दुखतंय हे ओळखायचं कसं? आमचं कुत्रं कधी ओरडतच नाही.

सांधेदुखीवालं सहसा नाहीच ओरडत. काटा रुतला की केकाटतात, पण रोजचं, महिनोनमहिने चाललेलं दुखणं गप्प सोसतात. तुम्हाला दिसतात ते बदल: सोफ्यावर उडी मारणं बंद होतं आणि आपण म्हणतो शहाणी झाली. झोपून उठताना आधी पुढचे पाय, मग थांबणं, मग मागचा भाग वर. एकच सांधा चाटत राहणं, इतकं की तिथले केस तांबूस होतात. गार हवेत, नुसतं पडलेलं असताना धापा टाकणं. रात्री चार जागा बदलणं. लहान मूल जवळ आलं की उठून जाणं किंवा कधी नव्हे ते गुरगुरणं. मागच्या पायांचे स्नायू कमी होऊन मांड्या बारीक होतात आणि छाती मात्र भरदार राहते, कारण सगळं वजन पुढे टाकून चालतात.

एक सोपी गोष्ट करा, आजच चालतानाचा व्हिडिओ काढा, बाजूने आणि मागून, आणि उठतानाचा. दर महिन्याला काढा. डॉक्टरकडे गेल्यावर घाबरून सगळी कुत्री ताठ चालतात आणि आपण खोटे पडतो, तेव्हा हा व्हिडिओ दाखवायचा.

आमच्या घरातली पेनकिलर थोडी दिली तर?

नाही. अर्धी पण नाही. आयबुप्रोफेनने पोटात अल्सर होतात, किडन्या जातात, पॅरासिटामॉलने लिव्हर आणि रक्ताच्या पेशींची वाट लागते. दिलीच असेल आधी तर लपवू नका, लगेच डॉक्टरांना फोन करा, ओरडा खावा लागला तरी.

मग सांधेदुखीवर उपाय काय असतात?

पहिला उपाय वजन, आणि हा कोणालाच ऐकायचा नसतो. २००२ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे, ४८ लॅब्रॅडॉरना जोड्या लावून जन्मभर सांभाळलं, प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं. कमी खाणारी साधारण १३ वर्षं जगली, बाकीची ११.२, आणि सांध्यांचा त्रासही त्यांना उशिरा सुरू झाला. जवळजवळ दोन वर्षं! एवढं देणारं औषध नाहीये बाजारात. बरगड्यांवरून हात फिरवा, न दाबता बरगड्या हाताला लागायला हव्यात. शोधाव्या लागत असतील तर कुत्रं जाड आहे, मग ते दिसायला कितीही गोड असो.

मग औषधं. कुत्र्यांसाठी वेगळी पेनकिलर असतात, कार्प्रोफेन, मेलॉक्सिकॅम, फिरोकॉक्सिब ही नावं ऐकू येतील. सुरू करण्याआधी आणि मग मधून मधून किडनी-लिव्हरची टेस्ट करायची, उलट्या किंवा काळी शी दिसली की बंद करून फोन करायचा, आणि स्टेरॉइडबरोबर ही औषधं कधीच द्यायची नाहीत. एवढ्याने भागलं नाही तर गॅबापेंटिन जोडतात. बेडिनव्हेटमॅब नावाचं महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शनही आलंय, काही कुत्र्यांना त्याचा छान फरक पडतो, काहींना साइड इफेक्ट होतात, त्यामुळे आधी नीट बोलून घ्या. सप्लिमेंटच्या डब्यांवर मी इतके पैसे घालवलेत की विचारू नका, त्यातल्या फिश ऑइलला थोडाफार आधार आहे, बाकी मी आता घेणार नाही.

आणि फिरवणं बंद करू नका. लांबच्या एका फेरीऐवजी छोट्या तीन फेऱ्या, रोज सारख्याच. आठवडाभर झोपवून रविवारी दोन तास पळवलं की सोमवारी उठता येत नाही.

घरात काय बदल करायचे?

गुळगुळीत फरशी हा म्हाताऱ्या कुत्र्याचा पहिला शत्रू. मागचे पाय फाकतात, एकदा पडलं की ते त्या खोलीत यायलाच घाबरतं आणि आपल्याला वाटतं रुसलंय. मागून रबर लावलेल्या मॅट टाकायच्या, आणि सुट्या सुट्या नाही तर तिच्या रोजच्या वाटेवर सलग, झोपायच्या जागेपासून पाण्यापर्यंत आणि दारापर्यंत. आमचं घर वर्षभर योगा क्लाससारखं दिसत होतं, पाहुणे हसायचे, हसू दे.

नखं कापा. कमी चालल्यामुळे ती झिजत नाहीत, वाढली की पंजा वर उचलला जातो आणि आधीच दुखऱ्या सांध्यावर आणखी ताण. फरशीवर टकटक ऐकू आली म्हणजे वेळ झाली. गादी जाड घ्या, कोपरं जमिनीला टेकता कामा नयेत. रात्री एक छोटा दिवा. पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी. मागचे पाय कमजोर असतील तर पोटाखालून मोठा टॉवेल घालून दोन्ही टोकं वर धरायची, हार्नेस (अंगाला बांधून उचलायचा पट्टा) मिळेपर्यंत तेवढ्यावर भागतं.

प्रोटीन कमी करायचं ना आता?

हा जुना समज आहे. किडनी व्यवस्थित असेल तर म्हाताऱ्या कुत्र्याला प्रोटीन कमी नाही, उलट चांगल्या प्रतीचं आणि पुरेसं लागतं, कारण स्नायू झिजत असतात. किडनीचा आजार निघाला तर मात्र फॉस्फरस कमी असलेलं खास खाणं देतात, प्रोटीनही मोजून, पण ते रिपोर्ट बघून. कुत्रं खात नसेल तर आधी पोटात मळमळतंय का, दात दुखताहेत का ते बघा. भांड्याजवळ येतंय, वास घेतंय, ओठ चाटतंय आणि तोंड फिरवून जातंय, ही मळमळ आहे, नखरे नाहीत. त्यावर चांगली औषधं आहेत. खाणं कोमट करून दिलं की वास जास्त येतो, तेवढ्यानेही कधी कधी काम होतं.

हल्ली खूप पाणी पितंय, चालतं ना?

मोजा. सकाळी मापून पाणी ठेवा, चोवीस तासांनी उरलेलं मोजा. किलोमागे १०० मिलीच्या वर गेलं तर ते जास्तच आहे, म्हणजे २० किलोच्या कुत्र्याने दिवसाला दोन लिटर प्यायलं तर ब्लड आणि युरिन टेस्ट करून घ्या. कारणं बरीच असतात, किडनी, डायबिटीस, कुशिंग (हार्मोनचा आजार). आणि नसबंदीचं ऑपरेशन न केलेली मादी असेल, हीट (माज) येऊन काही आठवडे झाले असतील आणि ती खूप पाणी पितेय, सुस्त आहे, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो, त्याच दिवशी न्या. बाहेर स्राव दिसेलच असं नाही, गर्भाशयाचं तोंड बंद असेल तर आतच साठतं आणि ते जास्त वाईट. एक काम अजिबात करू नका, सू जास्त होते म्हणून पाणी काढून घेऊ नका.

डोळे निळसर-धुरकट दिसताहेत, मोतीबिंदू का?

बहुतेक वेळा नाही. वयाने भिंग दाट होतं आणि निळसर झाक येते, त्यातून बरंच दिसतं. मोतीबिंदू पांढरा, दुधाळ असतो. फरक डॉक्टरच सांगतील. डोळा लाल असेल, मिटून घेत असेल, फुगल्यासारखा वाटत असेल तर मात्र थांबू नका.

हाक मारली तरी येत नाही.

ऐकू येत नसेल. हाताच्या खुणा शिकवा, म्हातारी कुत्रीसुद्धा पटकन शिकतात. झोपेत मागून हात लावू नका, जवळ येऊन जमिनीवर पाय आपटा, हादरा कळतो. आणि बाहेर पट्टा कायम.

रात्री उठून भुंकते, कोपऱ्यात तोंड करून उभी राहते. वेड लागलंय का?

माणसांना जसा अल्झायमर होतो तसला प्रकार कुत्र्यांनाही होतो. दिवसा झोप, रात्री येरझाऱ्या. दाराच्या बिजागरीच्या बाजूला उभं राहून दार उघडायची वाट बघणं. टेबलाच्या पायांमध्ये शिरून अडकणं आणि मागे कसं यायचं ते न सुचणं. ओळखीच्या माणसाकडे बघून नुसतंच बघत राहणं, किंवा उलट, सावलीसारखं मागे मागे फिरणं. शिकलेलं असूनही घरात घाण करणं.

पण आधी बाकीची कारणं काढून टाका, कारण दुखणं, लघवीचं इन्फेक्शन, ब्लड प्रेशर, दिसेनासं होणं या सगळ्याने रात्री असंच वागतात. चिंगीचं रात्रीचं भुंकणं आम्ही दोन महिने डोक्यावर ढकललं आणि निघालं काय तर पेनकिलरचा परिणाम पहाटे तीनला उतरायचा. वेळ बदलली, थांबलं. खरंच डोक्याचं असेल तर सेलेजिलिन नावाचं औषध आहे, एमसीटी (पटकन पचणारी एक चरबी) तेल असलेलं खाणं मिळतं, दिवसा थोडं वास हुंगायचे खेळ खेळवा, आणि घरातलं फर्निचर हलवू नका. पूर्ण बरं होत नाही. पण रात्रीची झोप परत मिळाली तरी दोघांचं आयुष्य बदलतं.

अचानक कोसळली, मान वाकडी, डोळे इकडून तिकडे फिरताहेत. पॅरालिसिस झाला का?

बघणाऱ्याचा जीव जातो खरा, पण म्हाताऱ्या कुत्र्यांत कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेत असा बिघाड बऱ्याचदा होतो. पहिले दोन-तीन दिवस भयंकर, उलट्या, भेलकांडणं, मग हळूहळू दोन-तीन आठवड्यांत सावरतं, कधी मान थोडी तिरकी राहते एवढंच. डॉक्टरला दाखवायचंच, कानातलं इन्फेक्शन किंवा मेंदूतलं काही नाही ना ते बघायला. पण पहिल्याच दिवशी शेवटचा निर्णय, म्हणजे इंजेक्शन देऊन शांतपणे मरण द्यायचा, घेऊ नका. मला माहीत असलेल्या एका घरात गाडी काढली होती त्यासाठी, ते कुत्रं पुढे दीड वर्ष जगलं.

अंगावर गाठी आल्यात.

मऊ, कातडीखाली सरकणाऱ्या गाठी बहुतेकदा चरबीच्या असतात. पण हाताने चाचपून कोणालाच खात्री देता येत नाही, डॉक्टरांनाही नाही. सुई घालून थोड्या पेशी काढून बघतात, पाच मिनिटांचं काम. कागदावर कुत्र्याचं चित्र काढून गाठी कुठे आहेत आणि केवढ्या ते तारीख टाकून लिहून ठेवा.

झोपेत सू होते. ओरडावं का?

कशासाठी? तिला कळतही नाही झालेलं. ऑपरेशन झालेल्या माद्यांमध्ये स्नायू सैल पडून असं होतं आणि त्यावर गोळ्या आहेत, बहुतेकींना लागू पडतात. तोपर्यंत धुता येणारे पॅड, आणि मांड्यांच्या आतली कातडी रोज पुसून कोरडी ठेवा, लघवीने ती अक्षरशः भाजते. उठताच येत नसलेलं कुत्रं असेल तर दर दोन ते चार तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. बोलायला सोपं आहे, मी केलंय, तिसऱ्या रात्री माणूस रडायला येतो.

हार्टचा त्रास घरी कळतो का?

गाढ झोपेत असताना छाती एका मिनिटात किती वेळा वर-खाली होते ते मोजा. साधारण ३० च्या आत असायला हवं. चार-पाच दिवस मोजून नेहमीचा आकडा लिहून ठेवा, तो चढायला लागला की खोकल्याच्याही आधी कळतं.

रात्रीच उठून पळावं अशी लक्षणं कोणती?

हिरड्या पांढऱ्याफटक. पोट फुगून कडक झालंय आणि उलटीचे उमाळे येताहेत पण बाहेर काही पडत नाही, ही पोटाला पीळ पडल्याची खूण, यात तास मोजावे लागतात. श्वासासाठी मान लांब करून उभं राहणं. फीट पाच मिनिटांवर चालणं किंवा एकामागून एक येणं. लघवी अडणं. मोठ्या जातीचं कुत्रं अचानक मट्कन बसलं, हिरड्या फिकट, तर आत प्लीहेतली गाठ फुटून रक्त जात असू शकतं. जवळचं कोणतं क्लिनिक रात्री उघडं असतं ते आज शोधून ठेवा, त्या रात्री सुचत नाही.

तिचं आयुष्य अजून चांगलं आहे का हे मोजायचं कसं?

इथे थोडा वेळ घालवते, कारण फोन मुळात यासाठीच येतात, बाकी सगळं प्रस्तावना असते.

ॲलिस व्हिलालोबोस नावाच्या अमेरिकन व्हेटनी यासाठी एक तक्ता केलाय, जगभर वापरतात. सात गोष्टी: दुखणं, भूक, अंगातलं पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईटपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकीला शून्य ते दहा मार्क, जास्त म्हणजे चांगलं, ७० पैकी ३५ च्या वर असेल तर साधारण ठीक. दुखण्यात श्वासाचा त्रासही धरायचा, आणि तो आटोक्यात नसेल तर माझ्या मते बाकीची बेरीज करत बसू नये.

तक्ता चांगला आहे, पण भरणारे आपण असतो, तिथे घोळ होतो. रोज बघणाऱ्या डोळ्याला घसरण दिसतच नाही. मी दर रविवारी मार्क द्यायचे आणि दर रविवारी ४५ च्या आसपास यायचे, मी खूश. मग एकदा फोनमधली जागा मोकळी करायला बसले आणि सहा महिन्यांपूर्वीचा व्हिडिओ लागला, त्यात चिंगी गेटपर्यंत दुडकत जाऊन परत येत होती. मला आठवतच नव्हतं ती दुडकायची ते! सहा महिन्यांत मी "छान चालली" याचा अर्थ बदलत बदलत चार पावलं न पडता टाकली इथवर आणला होता.

म्हणून माझं म्हणणं, मनात ठरवू नका, बाहेर कुठेतरी लिहा आणि आधी लिहा. कुत्रं अजून बरं असतानाच त्याच्या खास आवडीच्या तीन-चार गोष्टी लिहून काढा. चिंगीच्या होत्या: स्कूटरचा आवाज आला की दाराशी येणं, पोट वर करून लोळणं, आणि झाडांना पाणी घालताना पाईपच्या धारेला चावणं. मग भिंतीवरचं कॅलेंडर घ्या, रोज रात्री दिवस बरा गेला तर बरोबरची खूण, नाही तर फुली. समजवासमजवी नाही, "पण दुपारी जरा शेपूट हलवली" वगैरे नाही. महिन्याअखेर मोजा. आणि एखाद्या अशा माणसाला बोलवा ज्याने तिला दोन-तीन महिन्यांत बघितलेलं नाही, दार उघडल्यावर त्याचा चेहरा बघा, तो काय बोलतो ते नंतर ऐकलंत तरी चालेल.

आमच्याकडे शेवटच्या महिन्यात सतरा फुल्या होत्या. पाईपची धार अंगावर पडली तरी ती तशीच पडून राहिली, मीच नळ बंद केला.

पण अजून जेवतेय ना, म्हणजे तिला जगायचंय.

लॅब असेल तर हा पुरावाच धरू नका, ती वेदनेतही जेवतात. भूक ही सातातली एक गोष्ट आहे.

इंजेक्शनची वेळ झाली की ती स्वतः सांगेल म्हणतात, तिच्या डोळ्यांत दिसेल म्हणतात.

काहींना दिसतं म्हणे. मला नाही दिसलं, मी वाट बघत बसले आणि त्यात तिचा एक आठवडा वाईट गेला. हा एक आठवडा मला अजून सलतो. बऱ्याच डॉक्टरांकडून ऐकलंय की लोक लवकर केलं म्हणून क्वचित पस्तावतात, उशीर केला म्हणून जास्त.

झोपेत आपोआप गेली तर बरं नाही का?

बरंच की, पण तसं फार कमी होतं. किडनी, हार्ट, कॅन्सर यातलं आपोआप जाणं बहुतेक वेळा शांत नसतं, त्यात दिवस जातात, तहान, मळमळ, श्वास कोंडणं. ज्यांना इंजेक्शन द्यायचंच नाहीये, तो तुमचा निर्णय आहे, मी वाद घालणार नाही. फक्त मग दुखण्याची आणि मळमळीची औषधं घरात भरपूर हवीत आणि रात्री फोन उचलणारा डॉक्टर हवा. औषध बंद करून वाट बघणं याला मी नैसर्गिक म्हणणार नाही.

इंजेक्शन देतात तेव्हा नक्की काय होतं?

आधी गुंगीचं इंजेक्शन द्यायला सांगा, काही ठिकाणी मागावं लागतं. पाच-दहा मिनिटांत गाढ झोप लागते. मग पायाची थोडी जागा भादरून शिरेतून भूल देणारं औषध खूप जास्त प्रमाणात देतात, आधी श्वास थांबतो, मग हृदय, एक-दोन मिनिटांचा खेळ. डोळे उघडेच राहतात. नंतर एखादा श्वास घेतल्यासारखं होतं, स्नायू थरथरतात, सू होते, हे ती गेल्यानंतरचं असतं, तिला काही कळत नसतं, पण आधी कोणी सांगितलेलं नसलं तर माणूस हादरतो. फॉर्म आणि पैसे आधीच उरकून घ्या. नंतर शरीराचं काय करायचं तेही. घरी येणारे डॉक्टर मिळाले तर घरीच, तिच्या गादीवर. आणि थांबता येत असेल तर थांबा तिच्याजवळ, नाहीच जमत तर घरातल्या दुसऱ्या कोणीतरी थांबावं.

मी थकलेय. कधी कधी तिचा राग येतो, मग स्वतःचीच लाज वाटते.

येतो राग. पहाटे चारला तिसऱ्यांदा चादर बदलताना कोणालाही येईल. घरात पाळी लावा, एक रात्र दुसऱ्याला द्या, आठवड्यातून एकदा बाहेर जा. पैसे, झोप, तुमची पाठ, हेही निर्णयात धरायचं असतं आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं असतं, म्हणजे ते झेपेल असे उपाय सुचवतात. दिवसाला सहा औषधं लिहून दिली आणि तुम्हाला तीनच जमताहेत तर विचारा की कोणती तीन.

मुलांना काय सांगायचं?

झोपवलं असं सांगू नका, लहान मुलं मग झोपायला घाबरतात. मेली म्हणा, शरीर खूप आजारी होतं, बरं होणार नव्हतं, डॉक्टरांनी न दुखता मरायला मदत केली. तीन वर्षांचं मूल पुन्हा पुन्हा विचारेल, तेच उत्तर पुन्हा द्या.

घरात दुसरं कुत्रं आहे, त्याला कळेल?

कळतं. शक्य असेल तर त्याला नंतर हुंगू द्या. काही दिवस शोधेल, जेवण कमी करेल, तुम्हाला चिकटेल. त्याच्या वेळा बदलू नका. दोन-तीन दिवस काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरकडे न्या, दुःखात आहे असं धरून बसू नका, तोही आजारी असू शकतो.

उरलेल्या औषधांचं काय करायचं?

अंदाजाने दुसऱ्या कुत्र्याला देऊ नका, गटारात टाकू नका. क्लिनिकला विचारा, न फोडलेली पाकिटं काही जण ठेवून घेतात. मॅट आणि हार्नेस कोणाला तरी द्या, लगेच कामाला येतात. आमच्या मॅट आता दोन घरं फिरून तिसऱ्या घरात आहेत, तिथे तेरा वर्षांचं पग आहे, त्याला त्या जरा लांब पडतात.